उगवणीचा रकाना

रावसाहेब वाहुळे यांनी आयुष्याची बत्तीस वर्षं दाणे मोजण्यात घालवली. परभणीच्या बीज परीक्षण प्रयोगशाळेत ते सहायक होते. आलेल्या पिशवीतून शंभर दाणे काढायचे, ओल्या कागदावर ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून उबेत ठेवायचे आणि ठरल्या दिवशी उलगडून किती उगवले, किती नुसते फुगले, किती कुजले ते लिहायचं. एकदा एका बियाणे व्यापाऱ्याचा माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन आला. "दोनचार दाणे इकडचे तिकडे, साहेब," म्हणाला. रावसाहेबांनी पुडा न सोडता परत केला आणि त्याच्यासमोर पुन्हा मोजणी केली. आकडा तोच आला.

निवृत्तीनंतर मुलानं, रत्नदीपनं, त्यांना तीन महिन्यांसाठी सिंगापूरला आणलं. तो विद्यापीठात संशोधन करायचा. क्लेमेंटी भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये तो आणि त्याची बायको एकता राहत. रावसाहेबांची पत्नी ललिता अंगणवाडीची सुट्टी मंजूर झाली की मागाहून येणार होती.

चौथ्या दिवशी टॉवेल वाळत घालताना वॉशिंग मशीनशेजारी त्यांना एक पांढरी झाकणबंद बादली दिसली. झाकणावरच्या नळीतून मधूनच बुडबुडा येत होता.

"एकता, हे काय आंबवायला ठेवलंय?"

एकतानं बादलीकडे पाहिलं. पण ती खोटं बोलली नाही. "रत्नदीपची बिअर आहे, बाबा. तो घरी करतो."

रावसाहेब टॉवेल तसाच टाकून आत गेले. त्यांच्या थोरल्या भावाला दारूनं चाळिशीच्या आत नेलं होतं. लग्नात त्यांनी आणि ललितानं पंचशील घेतलं, तेव्हा पाचवं, मद्यापासून दूर राहण्याचं शील म्हणताना त्यांना तो भाऊ आठवला होता. पुढं कधी त्यांनी थेंबाला हात लावला नाही.

संध्याकाळी रत्नदीप घरी आला आणि बापाचा चेहरा पाहून समजला.

"बाबा, इथं कायद्यानं चालतं. घरापुरती करता येते."

"कायद्याचं मी विचारलं नाही."

"महिन्याला दोन-तीन ग्लास पितो मी. मला पिण्यापेक्षा करण्यात गोडी आहे."

"तुझ्या मोठ्या काकालाही सुरुवातीला गोडीच होती."

रावसाहेबांनी ललिताला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"रागवा, पण अन्नावर राग काढू नका," ती म्हणाली. "शील आपण त्याला शिकवलं. पाळायचं की नाही, हे आता त्याचं."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही तुमचं पाळा."

आठवडाभर बापलेक हवापाण्याचं तेवढं बोलले. त्या आठवड्यात रत्नदीप रोज जेवण झालं की लॅपटॉप उघडून बसे. घरी बिअर करणाऱ्या इथल्या मंडळींचा एक गट होता. त्यांचा मेळावा दीड महिन्यावर आला होता आणि प्रत्येकानं आपल्या मुलखातलं धान्य वापरायचं ठरलं होतं. रत्नदीपनं ज्वारी धरली. पाककृती बांधायला तो एक ऑनलाइन सॉफ्टवेअर वापरायचा. त्यात धान्य, कडवटपणा आणणारी हॉप्सची फुलं, यीस्ट, पाणी भरत गेलं की दारूचं प्रमाण, कडवटपणा आणि रंग यांच्या पट्ट्या हलायच्या. बेत जमला की हिरव्या, फसला की लाल. बार्ली होती, गहू होता, ओट्स होते. मोड आणलेली ज्वारी त्या यादीत नव्हती. ती आपली आपण भरावी लागे, आणि रत्नदीपनं अंदाजानं आकडे भरले होते.

शनिवारी सकाळी त्यानं मोड आणायला ठेवलेल्या ज्वारीचा ट्रे ओट्यावर ठेवला. निम्मे दाणे जसेच्या तसे होते, काहींवर बुरशी होती, आणि उगवलेल्यांना बोटभर हिरवे कोंब फुटले होते. तो ते सगळंच मिक्सरमध्ये ओतायला निघाला.

"थांब!" रावसाहेब खुर्चीतून उठलेच. "कोंब काढले नाहीस?"

"काढायचे असतात?"

"अरे, ज्वारीचे कोवळे कोंब खाऊन धडधाकट गाय आडवी होते. विष असतं त्यात. आणि वर ही बुरशी. हे तू माणसांना पाजणार?"

रत्नदीपचा हात तिथंच थबकला. त्यानं ट्रे उचलला आणि सगळं कचऱ्यात टाकलं.

त्या दुपारी रावसाहेब खिडकीशी बसून राहिले. गप्प बसावं, तर हा पोरगा पुन्हा तसलंच काहीतरी करील आणि चार माणसांना बाधेल. शिकवावं, तर आपला हात दारूला लागला. कोणत्याही बाजूनं मन स्वच्छ होईना. चहाच्या वेळेला ते उठले आणि मुलासमोर जाऊन बसले.

"दाखव ते तुझं."

रत्नदीपनं स्क्रीन वळवली. रावसाहेबांनी चष्मा चढवून एकेक रकाना वाचला.

"उगवण कुठं लिहायची?"

"तसा रकानाच नाही, बाबा. मोड आणून वाळवलेलं धान्य, म्हणजे माल्ट, तयार घेणाऱ्याला लागत नाही ना."

"मग तुझं हे सगळं हवेतलं आहे. जो दाणा उगवलाच नाही, त्याची साखर कुठून येणार?"

रत्नदीप आठवड्यात पहिल्यांदा हसला.

दुसऱ्या दिवशी एकतानं लिटल इंडियातल्या तीन दुकानांतून ज्वारीच्या तीन पिशव्या आणल्या. रावसाहेबांनी प्रत्येकीतले शंभर दाणे ओल्या टिश्यूवर मांडून गुंडाळ्या केल्या. चार दिवसांनी मोजणी झाली: अडतीस, एकसष्ट, चौऱ्याण्णव.

"पहिल्या दोन भाकरीला," ते म्हणाले.

तिसऱ्या पिशवीची ज्वारी भिजली. पाणी किती वेळा बदलायचं, थर किती पातळ पसरायचा, कधी परतायचा, सगळं त्यांनी जातीनं पाहिलं. मोड आल्यावर पंख्याखाली आणि मग ओव्हनच्या मंद आचेवर दाणे वाळवले, जाड पंच्यात चोळून मुळं आणि कोंब झाडून काढले. सूप नव्हतं, म्हणून बेकिंग ट्रेनं बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये पाखडलं. शेजारच्या चिनी आजी बाजाराची पिशवी घेऊन चालल्या होत्या, त्या थांबून म्हणाल्या, "अंकल, सो हार्डवर्किंग लाह!" रावसाहेब लाजले.

त्यातली मूठभर ज्वारी रत्नदीपनं भरडून गरम पाण्यात मुरवली, काचेची तरंगनळी सोडून गोडी मोजली आणि अंदाजाच्या जागी खरा आकडा भरला. एक पट्टी लाल झाली. त्यानं ज्वारी निम्म्यावरून तिसऱ्या हिश्श्यावर आणली, बार्ली वाढवली, हॉप्स थोडे कमी केले. पट्ट्या एकेक करून हिरव्या झाल्या. मग पुरवठादाराच्या जागी त्यानं लिहिलं: रावसाहेब वाहुळे, परभणी.

"ते काढ," रावसाहेब म्हणाले.

"का? काम तुमचं आहे."

"धान्यापर्यंत माझं. पुढचं तुझं. दारूच्या कागदावर माझं नाव नको."

रत्नदीपनं वाद घातला नाही. नाव पुसलं आणि टिपणात लिहिलं: उगवण चौऱ्याण्णव टक्के, कोंब काढलेले.

बिअर शिजवायच्या दिवशी रावसाहेब खाली हॉकर सेंटरवर, खाण्याच्या टपऱ्यांच्या आवारात, जाऊन बसले. दोन चहा झाले, तरी जीव वरच घुटमळत होता. घरी परतले तर रत्नदीप दारातच उभा होता.

"बाबा, गोडीचा आकडा सॉफ्टवेअरनं एक हजार सेहेचाळीस सांगितला होता. एक हजार पंचेचाळीस आला!"

"एकाचाच फरक?" रावसाहेबांच्या तोंडून निघून गेलं. त्यांना झालेला आनंद लपला नाही, आणि त्या आनंदाचा त्यांना थोडा रागही आला.

मेळाव्यात ज्वारीच्या बिअरला बक्षीस मिळालं नाही. ती थोडी गढूळ आणि जराशी आंबूस निघाली. पण मोड कसे आणले हे चौघांपाचांनी विचारलं, तेव्हा रत्नदीपनं मागच्या बाकावरच्या वडिलांना बोलावलं. रावसाहेब लिंबू सरबताचा ग्लास हातात धरूनच उभे राहिले आणि जमेल तशा इंग्रजीत दहा मिनिटं बोलले. ज्वारीचे कोंब काढा, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

पुढच्या आठवड्यात ललिता आली. विमानतळावरून घरी येताना एमआरटी मेट्रोत रावसाहेबांनी तिला सगळं सांगितलं, स्वतःच्या आनंदासकट.

"मी चुकलो का गं?"

ललितानं समोर पाहिलं. समोरच्या बाकावर रत्नदीप तिची बॅग गुडघ्यांत धरून बसला होता.

"तो पितो ते मला आवडलेलं नाही, ते मी त्याला सांगणार," ती म्हणाली. "तुम्ही प्यायला नाहीत. आणि कुणाला बाधलं नाही. यापुढचं मला कळत नाही."

मग ती रत्नदीपकडे वळली. "काय रे, किती वाळलास! जेवतोस ना नीट?"