वरच्या मजल्यावरचे जंतू

सगळं मनासारखं असेल, तर एका बॅक्टेरियाचे दोन व्हायला वीस मिनिटं पुरतात. आमच्या लॅबमधल्या किश्श्यांना तेवढाही वेळ लागत नाही! सकाळी एक घडतो, चहापर्यंत त्याचे दोन होतात, आणि संध्याकाळी मी घरी पोचले की नवरा दारातच विचारतो, "आज काय उगवलं?"

लॅब आमची शनिवार पेठेत, पहिल्या मजल्यावर. पाणी, दूध, मिठाई, सांडपाणी, जे येईल त्यातले जंतू शोधायचे आणि मोजायचे, हा आमचा धंदा. लिमये मॅडम मालकीण. मी त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं आहे की आता खोकतेसुद्धा त्यांच्यासारखीच. इरफान जंतूंचं जेवण बनवतो, म्हणजे ते ज्याच्यावर वाढतात ते आगर शिजवतो. आणि अकोल्याहून आलेली प्राजक्ता, सगळ्यात नवी आणि सगळ्यात उत्साही. पाचवे, आमच्या पगारावर नसलेले, खालच्या दुकानातले दामले काका.

शेवटचा किस्सा मॅडमच्या सासूबाईंच्या विरजणाचा आहे. तो सांगायला अजून धीर लागतो, म्हणून आधी बाकीचे सांगून घेते.

*

दामले काकांचं दुकान नावाच्या पाट्यांचं. अक्षर असं की बघत राहावं, आणि तोंड असं की बोलूच नये!

आमच्या आगरात मांसाचा अर्क असतो. ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आमच्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये चढवलं की वास थेट जिन्यातून खाली. लॅब नवी होती तेव्हाची गोष्ट. काका वर आले.

"अहो, सामिष बेत असेल तर दार लावून करा. आणि रोजच आहे का?"

"आमच्याकडे मुक्कामाला असतात ना, त्यांच्यासाठी करतो," मॅडम म्हणाल्या.

"कोण असतं?"

"जंतू."

काका वळून खाली गेले. दुसऱ्या दिवशी जिन्यात पाटी, काळ्यावर पांढऱ्या अक्षरात: 'वरच्या मजल्यावर जंतू राहतात. त्यांनी खाली येऊ नये.'

मॅडम खूश! समेट म्हणून त्यांनी घरच्या दह्याची एक वाटी खाली पाठवली. मॅडमचं दही म्हणजे सासूबाईंच्या विरजणाचं, रोज न चुकता लावलेलं, आमच्या डब्यांची शान. ती वाटी घेऊन मीच गेले होते. काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"जंतू मोजणाऱ्यांच्या घरचं दही? ठेवा तिथे. मांजर खाईल."

वाटी दोन दिवसांनी घासूनपुसून परत आली. रिकामी! शेजाऱ्याची वाटी रिकामी पाठवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

*

एक टँकरवाले आमच्याकडे पाण्याचं सँपल घेऊन आले. ते सोसायट्यांना पाणी पुरवायचे, आणि तिथे दाखवायला रिपोर्ट हवा होता. प्राजक्ताने सँपल आगराच्या प्लेटवर लावलं, दुसऱ्या दिवशी प्लेट उघडली आणि जवळजवळ ओरडलीच, "मॅडम, झिरो! एकही कॉलनी नाही, जंतूंचा एक ठिपका नाही!"

मॅडमनी प्लेटकडे पाहिलंच नाही. बाटली नाकाजवळ नेली. "पोहायच्या तलावावर गेल्यासारखं वाटतंय. क्लोरीन ओतलंय," त्या म्हणाल्या आणि फोन उचलला.

टँकरवाले आले. पांढरेशुभ्र कपडे, कपाळाला गंध. "बघा मॅडम, म्हटलं नव्हतं? आपलं पाणी म्हणजे गंगाजल!"

मॅडमनी त्याच बाटलीतलं पाणी ग्लासात ओतलं आणि ग्लास त्यांच्यासमोर ठेवला. "घ्या. इतकं शुद्ध पाणी मी एकटीने कसं पिऊ?"

त्यांनी ग्लासाकडे पाहिलं. मग आमच्याकडे. मग परत ग्लासाकडे.

"मॅडम," ते म्हणाले, "आज माझी निर्जळी आहे."

*

इरफानच्या लग्नाचा किस्सा मला फार आवडतो, कारण त्यात जंतू कुठेच दिसत नाहीत आणि तरी सगळं त्यांनीच जुळवलंय!

इरफान घरच्यांबरोबर कोंढव्याला मुलगी बघायला गेला. जेवणाची वेळ झाली. तो उठून बेसिनपाशी गेला, घड्याळ काढलं, बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात धुवायला लागला. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, सगळं यथासांग. मग दोन्ही हात वर धरून नळ कोपराने बंद केला. आमच्याकडे हे सगळेच करतात. आपण करतोय हे कळतही नाही.

दिवाणखान्यातले सगळे माना वळवून बघायला लागले. मुलीचे वडील इरफानच्या अब्बांना हळूच म्हणाले, "भाईजान, लडका रिश्ते के लिए आया है या ऑपरेशन के लिए?"

अब्बांनी मान खाली घातली. इरफानला वाटलं, संपलं.

तेवढ्यात आतून मुलगी आली. ती एका हॉस्पिटलात नर्स. तिने ट्रे ठेवला, कुणाकडे न बघता बेसिनपाशी गेली, शांतपणे हात धुतले आणि नळ कोपराने बंद केला.

"ताई, मी चेहरा नंतर पाहिला," इरफान म्हणतो. "हो आधीच म्हटलं होतं!"

*

वारज्याच्या एका सोसायटीचे चेअरमन धावत आले. सोसायटीची सांडपाणी शुद्ध करायची टाकी सहन होण्यापलीकडे घाण मारत होती.

"काही घातलंत का टाकीत?" मॅडमनी विचारलं.

"घातलं ना! वास यायला लागला म्हणून आधी फिनेल घातलं, मग ब्लीचिंग पावडर. चांगली पोती ओतली. तर वास दुप्पट!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, ती टाकी जंतूच चालवतात! तुमची घाण खातात ते. थोडा वास आला म्हणून तुम्ही स्वयंपाक्यालाच मारलंत, आणि आता मला विचारताय जेवण का होत नाही?"

"मग आता?"

"आता शेजारच्या सोसायटीच्या टाकीतला गाळ मागून आणा. त्यांची टाकी चांगली चाललेली असेल तर त्यात सगळं गणगोत असेल. ते तुमच्याकडे नांदायला लागलं की झालं."

चेअरमनांचा चेहरा पडला. शेजारच्या सोसायटीशी त्यांचं पार्किंगवरून कित्येक वर्षं बोलणं बंद. "गेटसमोर गाडी लावू देत नाहीत ते! त्यांच्याकडे जाऊन घाण मागू?"

पण मागितली! ड्रम भरभरून गाळ आला. टाकीत हवा सोडली, आणि प्राजक्ता मायक्रोस्कोप घेऊन रोज वारज्याला जायला लागली. एका सकाळी तिचा फोन आला, स्पीकर न लावताही सगळ्या लॅबला ऐकू येईल असा. उत्साहात आली की तिची अकोल्याची बोली बाहेर पडते.

"ताई, जित्ते हायेत! सगळे जित्ते हायेत! गाळाचे गोळे झाले, त्याच्यावर इवलेइवले जीव बसून खाऊन राहिले! वास तं गेलाच!"

अंगावर काटा आला हो माझ्या! डोळ्यांना न दिसणारं एक अख्खं गाव वारज्यात पुन्हा वसलं होतं.

चेअरमन पेढे घेऊन आले. पण जाताना दारात घुटमळले. "मॅडम, म्हणजे आता आमच्या टाकीत त्यांचे जंतू?"

"हो."

"मग त्यांच्याकडून मेंटेनन्स घ्यायचा का?"

*

आता विरजण.

मॅडमची लेक जर्मनीत. तिच्या बाळंतपणासाठी मॅडम आणि सर दोघंही निघाले. घराला कुलूप. जायच्या दिवशी मॅडम लॅबमध्ये एक स्टीलची वाटी घेऊन आल्या.

"सासूबाईंनी मला आयुष्यात दोनच गोष्टी दिल्या," त्या म्हणाल्या. "टोमणे आणि विरजण. टोमणे मी चालवतेय. विरजण तुम्ही चालवा."

आम्ही हसलो. त्याही हसल्या, पण वाटीवरचा हात काढला नाही. "त्या गेल्या. साड्या वाटल्या, भांडी वाटली. जिवंत असं त्यांचं एवढंच राहिलंय गं."

मग एकदम मॅडम झाल्या. "पॅन्ट्रीतच लावायचं, लॅबमध्ये न्यायचं नाही. आणि ऐका, विरजण ज्याच्याकडे राहतं त्याचं होतं. त्या घरचं भांडं, हात, हवा, सगळ्यांतले चार जंतू त्यात येऊन बसतात. माझ्याकडे आल्यावर सासूबाई वर्षभर म्हणत होत्या, यात माझं काही राहिलं नाही, हे अगदी तुझ्यासारखं आंबट झालंय! तेव्हा जपा."

आम्ही जपलं. आळीपाळीने दूध तापवायचं, कोमट करायचं, विरजायचं. रविवारी वाटी माझ्याबरोबर घरी. इरफान तर दही लागलंय का ते बघायला जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढून यायचा!

मॅडम यायला दोन दिवस होते. प्राजक्ता सकाळी नाचतच आली. हातात वाटी. "ताई, मॅडमना सरप्राइज! मी यातला थेंब प्लेटवर लावला, मायक्रोस्कोपखाली बघितलं. लांब काड्या काय, गोल मण्यांच्या माळा काय, चक्क यीस्टसुद्धा! केवढं कंटॅमिनेशन! मग मी सगळ्यात सुंदर कॉलनी उचलली, ती निर्जंतुक दुधात वाढवली आणि तिचंच दही लावलं. आता हे प्युअर कल्चर आहे! एकच जात, बाकी काही नाही!"

अशी चूक फक्त आमच्याच धंद्यात होऊ शकते. आम्हाला पहिल्या दिवसापासून हेच शिकवतात, एक जात ठेवा, बाकीच्या काढा. आणि त्या वाटीत तर एक मोठं एकत्र कुटुंब सुखाने नांदत होतं!

इरफानने वाटी नाकाजवळ नेली. दही पांढरंशुभ्र, घट्ट, सुरीने कापावं असं. त्याने परत वास घेतला. "ताई, हे दही काही बोलतच नाही."

"जुनं दही कुठंय?" मी विचारलं.

"टाकलं. भांडं उकळत्या पाण्यातून काढलं."

"ती प्लेट?"

"ऑटोक्लेव्ह केली, एकही जिवंत नाही." व्यवस्थित मुलगी!

मग तिला आमचे चेहरे दिसले, आणि काय झालंय ते कळलं. मला तिचा राग यायला हवा होता, पण रडूच आलं. मॅडमचा वाटीवरचा तो हात डोळ्यांपुढून जाईना. विकतचं दही आणून ठेवावं असं इरफान म्हणाला आणि लगेच स्वतःच नको म्हणाला. नुसत्या वासावरून पाण्याची बाटली पकडणारी बाई ती!

"मी खरं काय ते सांगणार," प्राजक्ता म्हणाली. "मग त्यांनी काढून टाकलं तरी चालेल." आणि जिन्यात जाऊन हुंदके द्यायला लागली.

खालून आवाज आला. "रडायचं असेल तर वर रडा. इथे गिऱ्हाइकं येतात."

"काका, विरजण मेलं! मी तं चांगलंच कराले गेली होती!" आणि तिने सगळं सांगून टाकलं. मी वरून कठड्यावरून ऐकत होते.

काकांनी ब्रश खाली ठेवला. "कोणतं? लिमयेबाईंच्या सासूचं?"

"हो."

"म्हणजे धुऊन मारलंत. शिकलेली माणसं!" एवढं बोलून ते परत पाटी रंगवायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब उघडायला गेले तर दारात एक वाटी, वर ताटली. ताटलीवर एक छोटी पाटी, रंग अजून ओला: 'जंतू परत करत आहोत. यांना आंघोळ घालू नये.'

ताटली काढली आणि तो वास आला! तोच! प्राजक्ताने मला मिठी मारली, मी इरफानच्या पाठीत धपाटा घातला, तिघंही वेड्यासारखे हसत सुटलो! इरफान धावत खाली गेला. "काका, हे तुमच्याकडे कसं?"

"तेव्हा एक वाटी दिली होतीत ना. मांजराला सवय लागली. रोज लावावं लागतं."

इरफान वर आला. दारातच थांबला. "ताई, पण काकांकडे मांजर कुठाय?"

आम्ही त्यातलं चमचाभर घेऊन मॅडमच्या वाटीत दही लावलं. छान लागलं. मॅडम आल्या, नातवाचे फोटो दाखवले, चॉकलेटं वाटली. मी प्राजक्ताला खुणावलं, सांग आता. तिने "मॅडम, एक सांगायचंय," म्हणून सुरुवात केली, तर मॅडम पॅन्ट्रीत पोचल्यासुद्धा होत्या. फ्रिज उघडला, चमचा घेतला, दही तोंडात घातलं आणि डोळे मिटले.

आम्ही तिघं पॅन्ट्रीच्या दारात.

"सासूबाई आहेत," मॅडम म्हणाल्या.

मॅडमनी दुसरा चमचा घेतला, जिभेवर घोळवला आणि वळून जिन्याकडे पाहिलं.

"आणि थोडे दामलेही आहेत."