पाचात एक जोड
नव्या कॅनव्हास बुटांच्या रबराचा वास आला की मला तो डोंगर आठवतो. लातूर जिल्हा नुकताच झाला होता, पोलीस भरती निघाली होती आणि दुष्काळातल्या त्या चैत्रात आम्ही पाच जण रोज अनवाणी डोंगर चढून पळायचो. वर्गणीतून बुटांचा एकच जोड घेतला होता. शेवटच्या दिवशी माथ्यावर जो पहिला पोचेल, तोच तो जोड भरतीला घालणार असं ठरलं होतं. त्या दिवशी अर्ध्यावर अचानक गारा कोसळल्या. चौघं थांबून सदऱ्यात गारा भरू लागले. "पाणी हाय की रं, येड्या, पळतोस कुठं!" मी डोकं फुटलं तरी माथा गाठला. खाली आलो तर जोड त्या चौघांतल्या एकाच्या पायात. "वर गेल्तास ते बघितलं कुणी?" तो म्हणाला. भरतीत मी अनवाणी मागं पडलो, तो पोलीस झाला. परवा तो निवृत्त होऊन माझ्या बुटांच्या दुकानात आला. "त्या दिवशी पहिला तूच होतास गड्या, आता दर कमी कर," म्हणाला. मी विचारलं, "बघितलं कुणी?"