दोन माणसं बसल्याशिवाय

आमचे हे कोच भरतात. म्हणजे बसून बसून खचलेले सोफे लोक दुकानात आणून टाकतात. हे त्यांचं कापड उसवतात, आतला भुगा झालेला फोम काढतात, पट्टे ताणतात, नवा फोम घालतात आणि वरून कापड असं बसवतात की बघणाऱ्याला वाटावं, कोच आत्ताच कारखान्यातून आलाय. हाताला कसब आहे, तोंडाला नाही. सकाळी "येतो", संध्याकाळी "आलो", मधे काही नाही. माझ्या तोंडाला मात्र कुलूप नाही, ते तुम्हाला कळेलच.

ह्यांची एक सवय आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तीच आडवी येणार आहे. दोघांचा कोच असला, तर त्यावर दोन माणसं शेजारी शेजारी बसल्याशिवाय तो दुकानाबाहेर जात नाही. एकट्यानं बसून काही कळत नाही म्हणतात. एकट्याला कुठलाही कोच बराच वाटतो. दोघं बसले की कुठली बाजू खाली जाते, कोण कोणाकडे घसरतं, ते उघडं पडतं. दुकानात दुसरं कोणी नसलं की मला फोन येतो. "अगं, ये जरा, बसायचंय." मी भाजी गॅसवरून उतरवते, दुकानात जाते, लोकांच्या कोचावर नवऱ्याशेजारी बसते, उठते आणि घरी येऊन भाजी पुन्हा चढवते. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला फिरायला किती नेलं ते विचारू नका, पण शेजारी बसवलंय भरपूर.

आणि घरचा कोच? वाकडा. पोरगी लहान होती तेव्हा दुकानात उरलेल्या लाकडातून आणि फोमच्या तुकड्यांतून ह्यांनी तो केला. हे वजनदार माणूस, पोरगी काडी. ह्यांच्या बाजूला खड्डा पडला आणि तिची बाजू तशीच उंच राहिली. ती बसली की घसरत घसरत ह्यांच्या अंगावर. कोपरानं ढोसायची आणि म्हणायची, "बाबा, सरक ना." हे म्हणायचे, "सरकलो की." सरकायचे काही नाहीत.

तिथं बसून दोघं गेम खेळायचे. टीव्हीखाली एक काळा डबा होता. त्याला कन्सोल म्हणतात आणि हातात धरायचं त्याला कंट्रोलर म्हणतात, रिमोट नाही, हे पोरीनं मला इतक्यांदा सांगितलं की मी मुद्दाम रिमोट म्हणायला लागले. गाड्यांची शर्यत असायची. टीव्हीचे दोन भाग व्हायचे, वरच्यात ह्यांची गाडी, खालच्यात तिची. ही बाई हरायला लागली की ह्यांच्या हाताला धक्का द्यायची. हे हरायला लागले की गप्प बसायचे, म्हणजे नेहमीसारखेच. दिवसभरात ह्यांच्या तोंडून जेवढे शब्द निघायचे, त्यातले बहुतेक त्या तासाभरात निघायचे आणि ते सगळे तिच्या वाट्याला जायचे. मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, हेवाच वाटायचा.

नणंदबाई एकदा त्या कोचावर बसल्या आणि थेट भावाच्या मांडीवर आल्या. म्हणाल्या, "गावाचे कोच सरळ करतोस आणि स्वतःच्या घरात ही घसरगुंडी?" हे हसले. एका दुपारचं काम होतं, पण पोरगी शाळेतून कॉलेजात गेली, कॉलेजातून नोकरीला लागली, तरी ह्यांनी त्या कोचाला हात लावला नाही. का ते मला माहीत होतं. मी मूग गिळून बसले.

मग पोरगी नोकरीसाठी लांब गेली. इतकी लांब की आमची संध्याकाळ म्हणजे तिची सकाळ. हे एकटेच त्या डब्यावर खेळायचे, दुसरा कंट्रोलर तिच्या बाजूला ठेवून. आणि एक दिवस डबा सुरूच होईना. दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिला आणि सांगितलं, आता ह्याचे भाग मिळत नाहीत.

पोरीला फोनवर सांगितलं तर तिला आनंदच झाला. "बरं झालं. बाबा, आता कॉम्प्युटर घे. मी कॉम्प्युटरवरच खेळते. तूही घेतलास की आपण रोज खेळू. तू तिथून, मी इथून. बोलताही येतं खेळता खेळता."

मला वाटलं, हे चप्पल घालून निघतीलच. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि ताटावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मात्र मला घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. तिथं एक टायवाला होता. फार गोड बोलायचा, समोरच्याला घाम फुटेपर्यंत. कॉम्प्युटर घेतला तर नंतर त्यात भर घालता येते, एखादा भाग बदलून नव्यासारखा करता येतो, इतर कामंही होतात. कन्सोल घेतलात तर डोक्याला ताप नाही, टीव्हीला जोडा आणि खेळा. पण तुमच्या ताई खेळतात तो गेम कन्सोलवर येत नाही. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कॉम्प्युटरवर बसतात कशावर?"

टायवाल्यानं एक खुर्ची पुढं केली. काळी, लाल पट्ट्यांची, दोन्हीकडून कान असलेली. हे त्यात बसले. बसले कसले, अडकले.

"एकट्याचीच आहे," हे म्हणाले.

"खुर्ची एकट्याचीच असते हो," मी म्हणाले.

"तेच म्हणतोय."

आणि घरी आलो. असं कितीदा झालं. टायवाला आम्हाला लांबून ओळखायला लागला. मी भुणभुण लावली होती, घ्या कॉम्प्युटर, पोरीचा आवाज तरी रोज घरात येईल. फोनवर ती माझ्याशी काय बोलते? जेवलीस का, झोपलीस का, थंडी आहे का. ह्यांच्याशी तर तेवढंही नाही. खेळताना मात्र पूर्वीसारखी बोलेल. मला ते हवं होतं, मग समोर गाड्या पळोत नाहीतर घोडे.

हे म्हणायचे, "आणि ती आल्यावर?"

"ती कुठं येतेय?"

"येईल की. नोकरी काय जन्मभराची असते? परत आली की कोचावर बसून काय खेळेल? कन्सोलच बरा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कन्सोल घ्यायचा तर तिनं इथं यायला हवं. कॉम्प्युटर घ्यायचा तर ती तिथंच राहिली तरी चालतं. ह्यांचं घोडं तिथं अडलं होतं. कॉम्प्युटर विकत घेणं म्हणजे पोरगी परत येणार नाही यावर आपल्या हातानं शिक्का मारणं. हे कळल्यावर मी भुणभुण बंद केली. माझी तरी कुठं हिंमत होती शिक्का मारायची?

अशात पोरीचा फोन आला. सुट्टीत येतेय. चांगली महिनाभर.

हे त्याच दिवशी जाऊन कन्सोल घेऊन आले. दोन कंट्रोलर. टायवाल्यानं म्हणे हातात हात घेऊन अभिनंदन केलं. आणि त्या संध्याकाळी ह्यांनी घरचा कोच भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणला. मी बघतच राहिले.

"आता का?"

"तिची कंबर दुखते. दिवसभर खुर्चीत असते. वाकड्या कोचावर कशी बसेल?"

असं काम मी ह्यांचं पाहिलं नाही. कापड उसवलं तेव्हा आतून पेन्सिलीचे तुकडे निघाले, तिची एक केसांची पिन निघाली, खडूसारखा झालेला खोडरबर निघाला. हे सगळं त्यांनी खिशात टाकलं. पट्टे नवे लावले. फोम दुकानातला सगळ्यात चांगला, गिऱ्हाइकाला किंमत सांगतानाही जीभ अडखळते तो. दोन्ही बाजू एकदम, एकाच तुकड्यातून कापल्या. कापड निळं, तिला आवडतं तसं. कोच भिंतीला लागला तेव्हा घर एकदम दुसऱ्या कोणाचं वाटायला लागलं.

मी हात पुसत आले. मला कोचाची रीत माहीत. "सरका, बसते."

"तू नको."

"म्हणजे?"

"ती आल्यावर तीच बसेल. तोवर कोच झाला नाही."

बघा आता. गावाच्या कोचांवर बसायला मी, आणि घरच्या कोचावर बसायला मला बंदी. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे.

पोरगी आली नाही. फोन आला. आवाजावरूनच माझ्या मनात पाल चुकचुकली. तिला तिकडे कायम केलं होतं, मोठं पद दिलं होतं, आत्ता लगेच रजा मागणं बरं दिसलं नसतं. आणि तिनं तिकडे घर घेतलं होतं. "छोटंसंच आहे. पण एक खोली जास्तीची आहे, तुमच्या दोघांसाठी. तुम्हीच या ना." आनंदात होती बिचारी. मीही आनंदाच्या आवाजात बोलले, छान झालं म्हणाले, खिडक्या किती आहेत ते विचारलं. हे शेजारी उभे होते. मी फोन पुढं केला तर ह्यांनी हातानंच नको म्हटलं आणि मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "छान झालं."

मग स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. बराच वेळ पाणी पीत होते.

कन्सोल खोक्यातच होता. ती आल्यावर तिच्या हातानं उघडायचा म्हणून ठेवलेला. काही दिवसांनी हे ते खोकं उचलून निघाले. मी चप्पल घातली आणि मागोमाग गेले. टायवाल्याला हे म्हणाले, "हा घ्या परत. कॉम्प्युटर द्या." माणूस भला निघाला. जास्त चौकशी न करता बदलून दिला. वर सांगितलं की कॉम्प्युटर टीव्हीलाही जोडता येतो, खुर्ची-टेबल काही नको, आणि हे कंट्रोलर त्यालाही चालतात. "एक परत करता? तुम्हाला एकच लागेल."

"राहू दे दोन्ही," हे म्हणाले.

येताना रस्त्यात हे एकदाच बोलले. "तिला सांगू नकोस, आधी काय घेतलं होतं ते." आजतागायत सांगितलं नाही.

पोरीनं फोनवरून शिकवून शिकवून सगळं जोडून घेतलं. दोघंही माझ्यावर ओरडले, कारण वायरी माझ्या हातात होत्या. आणि मग तिची सकाळ आणि आमची संध्याकाळ एका ठिकाणी यायला लागली. गेम गाड्यांचाच. पण आता टीव्हीचे दोन भाग होत नाहीत. अख्खा पडदा ह्यांचा, तिचा पडदा तिच्याकडे. तिची गाडी पुढं दिसते, लाल, आणि आवाज टीव्हीतून येतो. हे कोचाच्या डाव्या बाजूला, दुसरा कंट्रोलर उजव्या बाजूला. आणि मी जेवणाच्या टेबलाची कडक खुर्ची ओढून मागं बसायची. कोच अजून झालेला नव्हता ना.

माझं म्हणणं खरं ठरलं. पोरगी खेळताना बोलते. साहेबाला नावं ठेवते, शेजारणीच्या कुत्र्याच्या तक्रारी सांगते, भाताचं पाणी किती घालायचं ते मला ओरडून विचारते. घर भरल्यासारखं होतं. मग ती म्हणते, "चला, मला निघायला हवं," आणि पडद्यावरची लाल गाडी जागच्या जागी नाहीशी होते. हे त्या रिकाम्या रस्त्याकडे जरा वेळ बघत बसतात. मी भांडी आवरायला लागते. ते मला बघवत नाही.

परवाची गोष्ट. मी चहा घेऊन आले. एका अरुंद पुलावर ह्यांची गाडी पुढं होती आणि तिची मागं अडकली होती. हॉर्न वाजवत होती, हसत होती, आणि टीव्हीतून तिचा आवाज आला, अगदी तस्सा, "बाबा, सरक ना."

आणि हे सरकले.

गाडी नाही. हे सरकले. कोचावरून उठल्यासारखे झाले आणि डाव्या हाताला, अगदी टोकाशी जाऊन बसले. इतक्या वर्षांत ती ढोसायची तेव्हा जे कधी केलं नाही, ते. गाडी पुलावर तशीच थांबली होती. तिची गाडी मागून येऊन आदळली, ती म्हणाली, "अरे, काय करतोयस? झोपलास का?" हे उजवीकडच्या जागेकडे बघत होते. निळं कापड, एक सुरकुती नाही. डोळे भरले होते ह्यांचे. मी ह्यांना सासूबाई गेल्या तेव्हा रडताना पाहिलं होतं, त्यानंतर आत्ता.

"बाबा?"

"आहे," हे म्हणाले. "आहे गं. जा तू पुढं." आणि गाडी बाजूला घेतली. लाल गाडी सुसाट निघून गेली.

मग ह्यांनी दुसरा कंट्रोलर उचलून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बस."

एवढे दिवस मी ह्या एका शब्दासाठी रुसून बसले होते. माझ्या घरचा कोच, आणि मला कडक खुर्ची, म्हणून कितीदा बडबडले होते. आणि हे म्हणाले तेव्हा मला बसवेना. मी बसले की कोच झाला. मग वाट बघायला काही उरत नव्हतं. मी म्हणाले, "राहू दे, माझी खुर्ची आहे."

"बस. काम तपासायचंय."

मी कप ठेवला आणि तिच्या जागी बसले. सगळा भार टाकून बसले, दुकानात बसते तशी. ह्यांनी खाली वाकून दोन्ही बाजू बघितल्या. मधला टाका बघितला. त्यावरून हात फिरवला.

काम चोख झालं होतं. दोन्ही बाजू सारख्या. कोणी कोणाकडे घसरत नव्हतं.