राणीच्या झोपेचा बंदोबस्त

आमच्या राणीची झोप मी उडवली, आणि तीही तिला चांगली झोप लागावी म्हणून.

आधी मी कोण ते सांगतो. मी आठवीत शाळा सोडली (शाळेनं अजिबात अडवलं नाही!) आणि त्रिशूरला सोनं गाळायच्या, म्हणजे गलाईच्या दुकानात लागलो. आमच्या विटा भागात घरटी एकजण असाच कुठल्या ना कुठल्या परमुलखात भट्टीपुढं बसलेला असतो. मला तिकडं धाडलं ते ताईनं आणि दाजींनी. आईवडलांच्या मागं त्यांनीच मला वाढवलं, आणि ‘डोकं चालत न्हाई तर हात तरी चालू दे’ म्हणून गाडीत बसवून दिलं. तेव्हापासून हे उपकार कसे फेडावेत या काळजीनं मी निम्मा झालोय. (वजनानं नव्हे.)

मे महिन्यात संधी चालून आली. राणी ही ताईची लेक, माझी भाची. लांब पल्ल्याची पळणारी. साताऱ्याला निवड चाचणी होती. पहिल्या तिघींत आली तर क्रीडा वसतिगृहात जागा. राहणं, खाणं, शिकणं सगळं फुकट. आमच्या घराण्यात पहिल्यांदाच कुणीतरी शाळेपासून पळायचं सोडून शाळेसाठी पळत होतं! मी रजा टाकून आलोच.

त्याच दिवशी राणीच्या सरांचा फोन आला. “पोरगी लय तयारीत हाय. आता एवढा आठवडा तिच्या झोपंकडं लक्ष द्या.”

दाजी “बरं” म्हणाले आणि अंगावरचं पीठ झटकत गिरणीत निघून गेले. एवढ्या मोठ्या गोष्टीला नुसतं ‘बरं’! लक्ष द्यायचं काम मग मीच अंगावर घेतलं.

दाजींची पिठाची गिरणी घराच्या पुढच्या सोप्यात. तिच्या भिंतीला लागून मागच्या खोलीत राणीचं अंथरूण. पहाटे डोंगरावर पळून आली की जेवून दुपारभर ती तिथं झोपायची, संध्याकाळी पुन्हा पळायला. गिरणी सुरू झाली की भिंत थरथरायची, फळीवरची भांडी नाचायची, आणि पोरगी आत निपचित! माझी झोप सोन्याच्या दुकानातली. रस्त्यावरच्या माणसानं स्वतःच्या खिशात हात घातला तरी मला जाग येते.

“ताई, या आवाजात ही झोपती कशी?”

“जन्मल्यापासनं झोपतीया.”

“झोपत नसंल गं, बेशुद्ध पडत असंल!”

मी दाजींना गाठलं. “दाजी, चाचणी हुस्तवर गिरणी बंद ठेवा.”

“बाळ्या, आरं गिरणीचं दार दिवसा लावायची पद्धत न्हाई आपल्यात.”

“आवं, पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय!”

माझ्या डोळ्यांत पाणी बघून दाजींनी दार लावलं. एरवी लाइट गेली तरी ते दारात बसून दळणं उतरवून घ्यायचे. (लाइट गेली की राणी टक्क उठून बसायची, हे मला कुणी सांगितलंच नाही!)

मग मी गल्लीचा ताबा घेतला. शेजारच्या पारूआक्कांचा कोंबडा डालग्याखाली घातला. बर्फाच्या गोळेवाल्याची घंटी काढून ठेवली. गल्लीच्या तोंडाला खुर्ची टाकून उन्हात बसलो. घामानं डोळे चुरचुरून लाल. कुणी दळणाचा डबा घेऊन आलं की तोंडावर बोट ठेवायचो आणि बंद दाराकडं हात करून मान हलवायचो. माणसं डबा खाली ठेवायची, चप्पल काढायची, हात जोडायची आणि मागं फिरायची. एकानं तर माझ्या खांद्यावर थोपटलं. खेळाडूविषयी गावाला केवढा आदर, असं वाटून मला भरून आलं!

आत राणी आढ्याकडं डोळे लावून पडलेली.

“मामा, कानात कायतरी वाजतंय.”

“काय वाजतंय?”

“कायच वाजत न्हाई, त्येच वाजतंय.”

मी तिच्या तळपायाला तूप चोळलं. परिणाम एवढाच, की संध्याकाळी बूट जागेवर राहिले आणि पोरगी पुढं गेली. दुधात जायफळ उगाळून दिलं. ते तिनं मांजराला पाजलं. मांजर झोपलं. राणीचे पाय जड झाले, रोजच्या चढाला धाप लागायला लागली, आणि कधी वर मान न करणारी पोरगी मला म्हणाली, “मामा, तू परत कवा जाणार?” थकलंय लेकरू, म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाचा सेलही काढला.

चाचणीच्या आदल्या दुपारी दाजींच्या थोरल्या बहीण, आक्का, पाटणहून आल्या. गल्लीच्या तोंडापासूनच त्यांनी टाहो फोडला. “माझ्या भावा रंऽऽ! न सांगता गेलास रंऽऽ!”

दाजींनी दार उघडलं. “काय झालं गं आक्का?”

आक्कांचा सूर अर्ध्यात अडकला. त्यांनी दाजींना नखशिखान्त न्याहाळलं आणि पुन्हा सूर लावला. “मंग बाळ्या गेला व्हय रंऽऽ?”

“आक्का, मी हितं हाय,” मी मागून म्हणालो.

त्यांनी आम्हा दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला. “मंग मेलंय कोण?”

त्यांच्या मागं निम्मा गाव टोपी काढून उभा होता. एकजण तर लाकडं सांगून आला होता! आमच्याकडं गिरणीचं दार दिवसा लागतं ते फक्त घरात कुणी गेलं तरच. दाजी म्हणत होते ती पद्धत हीच, परमुलखात राहून मी ती साफ विसरलो होतो.

“म्या सांगितलं न्हवतं तुला?” दाजी गरजले.

तेवढ्यात ताई आतून पळत आली. “राणी न्हाई आत!”

उद्या चाचणी आणि पोरगी गायब! ज्यांनी मला वाढवलं त्यांचे उपकार फेडायला आलो आणि त्यांची लेकच घालवून बसलो! गाव आयताच जमलेला होता. सगळा शोधायला सुटला. कुणी स्टँडवर, कुणी विहिरीकडं. मी सगळ्या दिशांना थोडा थोडा पळालो.

शेवटी पारूआक्का म्हणाल्या, “आवं, ती माझं दळण घिऊन वरच्या वस्तीवर गेलीया. तुमची गिरणी बंद. मी काय भाकरी मातीची थापू?”

आम्ही वरच्या वस्तीच्या गिरणीवर धडकलो. यंत्र धडधडत होतं, पीठ उडत होतं, आणि पोत्यांच्या थप्पीवर आमची राणी पिठानं पांढरी होऊन, तोंड उघडं टाकून घोरत होती. एवढी माणसं दारात बघून गिरणीवाला दचकला आणि त्यानं बटण बंद केलं.

राणीनं खाडकन डोळे उघडले.

“चालू कर!” अख्खा गाव एका आवाजात ओरडला.

त्यानं बटण दाबलं. राणीनं कूस बदलली.

ताईनं सरांना फोन लावला. सर म्हणाले, “आवं, लक्ष द्या म्हणजे मोडू देऊ नका! रोज जशी झोपती तशी झोपू द्या. खेळाडूची घडी एकदा विस्कटली की पाय न्हाई उचलत.” ताईनं माझ्याकडं बघितलं. मी कोंबडा सोडायला गेलो.

त्या संध्याकाळी दाजींनी गिरणी सुरू केली. तुंबलेली सगळी दळणं आली. बायका मुद्दाम हळूहळू पाखडत बसल्या, म्हणजे गिरणी लवकर थांबायला नको! भिंत थरथरली आणि राणी गाढ झोपली.

सकाळी साताऱ्याच्या मैदानावर ती रेषेवर उभी राहिली आणि तिनं भली मोठी जांभई दिली. मी खाली बसलो. शिट्टी झाली. राणी पाचवी, मग चौथी. शेवटच्या फेरीला तिसरी पोरगी अजून पुढंच. आक्का (अंत्यविधीला आलेल्या, त्या चाचणीलाच आल्या) ओरडत होत्या, “पळ गं, पळ!” शेवटच्या वळणावर राणीनं मान खाली घातली आणि छातीभर अंतरानं ती तिसरी आली! ताई मातीतच बसून रडली. दाजींनी टोपीनं डोळे पुसले, टोपीतलं पीठ डोळ्यांत गेलं आणि ते आणखीच चोळत बसले.

आता राणी वसतिगृहात असते. पाण्याच्या मोटारीशेजारची खाट कुणी घेत नव्हतं. हिनं भांडून घेतली. परवा ताईचा त्रिशूरला फोन आला. राणीची मोठी स्पर्धा ठरलीय. तारीख घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पारूआक्कांना ठाऊक आहे, पाटणच्या आक्कांनाही ठाऊक आहे. मला मात्र ती निकाल लागल्यावरच सांगायची, असं घरात एकमतानं ठरलंय.

एकमतानं म्हणजे, मीही फोनवरून हात वर केला.