गिअरची मूठ

त्या कागदावरचं अक्षर माझं आहे. लोणावळ्याला जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात एका हिरव्या, दोन सीटच्या गाडीच्या पुढच्या काचेमागे लॅमिनेट करून ठेवलेलं दीड पान ज्यांनी वाचलं असेल, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. त्यात गाडीबद्दल जे आहे ते सगळं खरं आहे. माझ्याबद्दल जे आहे ते खोटं आहे.

'हे सर्व बदल मी स्वतःच्या हातांनी केले,' असं शेवटी लिहून खाली मी सही केली आहे. माझ्या हातांनी त्या गाडीची धूळ पुसली, कव्हर घातलं, कव्हर काढलं. हिरवा रंग मी निवडला. बाकी सगळं माझ्या मित्रानं केलं.

आम्ही दोघं टाकव्याचे, एका वर्गातले. मी पाटलांच्या आळीतला, तो बौद्ध वस्तीतला. मी तळेगावच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन झालो, तो लोणावळ्याला रेल्वेत फिटर. चारचौघांत तो मला भाऊ म्हणायचा, दोघंच असलो की अरे-तुरे. हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं. गावात तसं चालत आलं होतं आणि मला त्यात कधी काही खुपलं नाही. ज्याच्या सोयीचं असतं त्याला खुपत नाही.

शाळेत असताना वडिलांबरोबर खंडाळ्याच्या बंगल्यांवर आंबेमोहर घालायला जायचो, तेव्हा ही गाडी एका फाटकातून बाहेर पडताना दिसायची. विलायती, बुटकी, उघडी, दोनच माणसांची. पुढे चाळिशी उलटल्यावर तीच गाडी त्याच बंगल्याच्या आवारात आंब्याखाली ताडपत्रीत पडलेली सापडली. मालक वारले होते. सीटमध्ये मांजर व्यालं होतं. मी ती घेतली, घरी आणली, कशीबशी चालू केली आणि चौथ्या किलोमीटरला ती वाफ सोडून बसली. मी मित्राला बोलावलं.

तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "हिला थंड मुलखाची सवय. आपला घाट हिनं बघितलेला न्हाई."

त्यानंतर कितीतरी वर्षं दर रविवारी तो यायचा. रेडिएटर त्यानं मोठा केला, पुढे विजेचा पंखा बसवला. ब्रेक बदलले. छतासाठी ट्रकवाल्यांना ताडपत्री शिवून देणाऱ्या माणसाकडून असं कापड शिवून घेतलं, की लोणावळ्याच्या जुलैतही आत थेंब येऊ नये. मी प्रत्येक कामासाठी रीतसर ड्रॉइंग काढून ठेवायचो. तो ते बघायचा, "झाक आलंय," म्हणायचा, आणि त्यावर ग्रीसचा डबा ठेवून कामाला लागायचा.

मोठा वाद झाला तो डिफरन्शियलवरून, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दात्यांच्या पेटीवरून. त्यानं एका देशी गाडीचे दाते आत बसवले. गाडी चढाला दमदार झाली आणि सपाटीला तिचा वेग गेला. स्पोर्ट्स कारचा वेगच काढून घेतला म्हणून मी चिडलो.

"पळवायची कुटं?" तो म्हणाला. "तुला घाट चढायचाय का इमान उडवायचंय?"

पुढच्या रविवारी खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत गाडी एका दमात वर आली. तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. तो बरोबर होता. तो नेहमीच बरोबर असायचा, आणि तसं कधी बोलून दाखवायचा नाही. त्यानं एकदा तरी फुशारकी मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

गिअरची मूळ मूठ तडकली होती. एका रविवारी तो खिशातून लाकडाची मूठ घेऊन आला. त्याच्या घरचं पहिलं स्वतःचं रान त्याच्या वडिलांनी ज्या नांगरानं नांगरलं, तो मोडला होता. त्याच्या रुमण्याचा, म्हणजे हातात धरायच्या दांड्याचा, बाभळीचा तुकडा त्यानं जपून ठेवला होता. तो लेथवर फिरवून, तेल पाजून त्यानं ही मूठ केली होती. बसवली आणि म्हणाला, "म्हाताऱ्याच्या घामानं आधीच पॉलिश झालीय."

मी तिच्यावर हात ठेवला. इतकी नेमकी वस्तू मी आयुष्यात कधी केली नव्हती. मी हसलो, चहा मागवला, आणि मला तिचा राग आला.

माझी गाडी माझ्यापेक्षा त्याचं ऐकायची, हे खरं दुखणं होतं. मी तीनदा स्टार्टर मारायचो, तो एकदा. माझ्या हातात दुसरा गिअर टाकताना दाते करकरायचे, त्याच्या हातात आवाजच नाही. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून तो इंजिनाचं ऐकायचा. तो गेल्यावर मीही लावून बघायचो. मला नुसता आवाज ऐकू यायचा.

एकदा माझा पाय प्लॅस्टरमध्ये होता आणि बायकोला लोणावळ्याला बहिणीकडे जायचं होतं. मित्र म्हणाला, मी सोडतो वहिनींना. गाडीत दोनच सीट, त्यामुळे मी व्हरांड्यात. माझ्या शेजारी बसलं की कामशेतच्या पुढे हिला मळमळायचं, ती ओढणी तोंडाला लावून बसायची. त्या दिवशी संध्याकाळी ती परत आली ती गजरा माळून, आवळे घेऊन, आणि म्हणाली, "पोटातलं पाणी हललं नाही हो." तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. मी मात्र ते वाक्य प्लॅस्टरमधला पाय खाजवावा तसं किती दिवस आतल्या आत खाजवत होतो.

आता लिहायला अवघड असलेलं लिहितो. त्यानंतर काही शनिवारी मी गॅरेजमध्ये जाऊन कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून ठेवायचो. रविवारी तो येईल, गाडी अडखळेल, त्याची निदान एकदा तरी फजिती होईल, म्हणून. तो यायचा, इंजिन चालू करायचा, मान कलती करून ऐकायचा आणि स्क्रू अर्धा फेरा उलटा फिरवायचा. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा हात पुसत म्हणाला, "उंदीर शिरलता वाटतं."

माझ्याकडे बघितलं नाही. चहा घेतला, गेला. मी पुन्हा स्क्रूला हात लावला नाही.

तो निवृत्त झाला, मीही झालो. जुनं घर सोडून आम्ही तळेगावातच सोसायटीत राहायला आलो. गाडीला तळमजल्यावर जागा मिळाली. तो आता बुधवारीही यायला लागला. सोसायटीत सगळे त्याला आबा म्हणायचे, मला काका. एकदा त्यानं मला सांगून ठेवलं, "इकायची झाली तर आधी माझ्या कानावर घाल." मी हो म्हणालो. विकायचा विचार तेव्हा खरंच नव्हता.

विचार आला तो एका सकाळी. पाहुणे म्हणून आलेला कुणीतरी गाडीपाशी थांबून गेटवरच्या वॉचमनला विचारत होता, ही कुणाची. मी जिन्यात होतो. वॉचमन म्हणाला, "ती टाकव्याच्या आबांची. हितले काका तिचं कव्हर काढतात, घालतात."

तीन आठवड्यांत मी गाडी विकली. लोकांना सांगितलं गुडघे दुखतात, खाली वाकून बसवत नाही. गुडघे दुखत होतेच.

आणि विकली कधी, तर मित्र मुलीच्या बाळंतपणासाठी चार दिवस नाशिकला गेला होता तेव्हा. घेणारा तिशी-पस्तिशीचा, पुण्यात नोकरी करणारा, खंडाळ्याला शनिवार-रविवारचा बंगला असलेला, सालस मुलगा. त्यानं गाडीखाली झोपून सगळं बघितलं, बाहेर आला आणि विचारलं, "काका, हे कुणी केलं सगळं?"

मी म्हणालो, "मीच."

एवढा एक शब्द. तो इतका हरखला, की माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, मला हे लिहून द्या, गाडीबरोबर राहील. मी टेबलाशी बसलो आणि एका बैठकीत दीड पान लिहिलं. कुठला दाता कुठून आला, पंखा कुठल्या कोनात, ताडपत्रीला टीप कशी. एकही चूक नाही. इतकी वर्षं मी शेजारी उभा राहून बघितलं होतं. ज्यानं काम केलं त्याला एवढं बारीक आठवलं नसतं.

त्याचं नाव गाळण्यात जात होती का, हे मला कुणी विचारलं नाही. मी मलाच विचारलं आहे. मत्सर होता, तो माझा, कुणाचाही केला असता. पण नाव गाळताना, उद्या कुणी येऊन जाब विचारील अशी भीती मला वाटली नाही. ती का वाटली नाही, ते मला माहीत आहे.

रविवारी तो आला, हातात गाडीसाठी रबराचे दोन नवे बुश घेऊन. गाडीच्या जागी घडी घातलेलं कव्हर होतं. मी गुडघ्यांचं सांगायला लागलो. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"मूठ काढून ठिवलीस?"

मी म्हणालो, "राहून गेलं."

"बरं," तो म्हणाला. वर आला, चहा घेतला, बाळाचं सांगितलं. निघताना जिन्यात आम्ही दोघंच होतो. तिथे तो म्हणाला, "येतो, भाऊ."

मग तो आला नाही. मी एक-दोनदा टाकव्याला गेलो तेव्हा नीट बोलला, पाणी दिलं, भाऊ म्हणाला.

गेल्या हिवाळ्यात त्या मुलानं लोणावळ्याच्या मेळाव्याला मला आणि बायकोला बोलावलं. लोक कागद वाचत होते, माझ्याशी हात मिळवत होते. एकानं माझ्या हातांचा फोटो काढला. बायकोनं चष्मा लावून कागद पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचला. घरी येऊन कुकर लावला, भाजी चिरायला घेतली, आणि मग म्हणाली, "शेजारणीच्या पुरणपोळ्या मी केल्या म्हणून वाढणाऱ्या बायका पाहिल्यात मी. पुरुष पहिल्यांदा पाहिला."

मी म्हणालो, तुला त्यातलं काय कळतं.

"गाडीतलं नाही कळत," ती म्हणाली. "तुम्ही त्यांच्यावर जळत होतात ते तीस वर्षं कळतंय."

दुसऱ्या दिवशी मी टाकव्याला गेलो. तो ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होता. मी सगळं सांगितलं, वॉचमनपासून कागदापर्यंत. स्क्रूचंही सांगितलं. तो धार लावत राहिला. मग अंगठ्यानं पातं तपासून म्हणाला, "उंदरानं कागदबी कुरतडला म्हणायचा."

मी म्हणालो, कागद मी बदलून देणार आहे. माझ्याबरोबर खंडाळ्याला चल.

"तुमी बदला की भाऊ," तो म्हणाला. "माझं काय काम तितं?"

त्याला न्यायला मी आणखी दोनदा टाकव्याला गेलो, तो निघाला नाही. तिसऱ्यांदा बायको बरोबर आली, तेव्हा तो सदरा घालून निघाला.

बंगल्याच्या ओसरीत मी त्या मुलासमोर नवा कागद लिहिला. या लिखाणात मी कुणाचंच नाव घातलेलं नाही. त्या कागदावर त्याचं घातलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, आणि ती मूठ कशाची आहे तेही. मुलगा एकदा माझ्याकडे बघायचा, एकदा त्याच्याकडे. माझ्याकडे बघताना त्याची नजर आता वेगळी होती. ते बरोबरच होतं, तरी लागलं.

मग मुलानं गाडीपाशी जाऊन स्वतःहून गिअरची मूठ फिरवून काढली आणि मित्रापुढे धरली. म्हणाला, आबा, ही तुमची.

मित्रानं ती घेतली, उन्हाकडे करून बघितली. एका बाजूला बारीक चीर होती, तिच्यावरून नख फिरवलं. मग दार उघडून, एक हात छताला धरून, हळूहळू आत बसला आणि मूठ जागेवर पुन्हा फिरवून घट्ट केली.

"बिनमुठीचा दांडा हाताला लागंल," तो म्हणाला. मुलाला शेजारी बसायची खूण केली. एका स्टार्टरला इंजिन लागलं.

सीट दोन. मी बाहेर, बायकोजवळ. त्यानं काचेतून माझ्याकडे बघितलं. त्या परक्या मुलासमोर, माझ्या बायकोसमोर, तो म्हणाला, "फाटक उघड की रे."

मी गेलो आणि फाटक उघडलं.

गाडी बाहेर पडली, उताराला लागली. पुढे वळण आहे, तिथे दुसऱ्या गिअरवर यावंच लागतं. फाटकाचा गज धरून मी कान देऊन उभा राहिलो. शहात्तराव्या वर्षी, एवढं सगळं लिहून दिल्यावरही, मी वाट बघत होतो, की आज तरी, एकदा तरी, दाते करकरतील.

करकरले नाहीत.