मातीची चव

बदली होऊन धुळ्याला येईपर्यंत माझा सारा जन्म कौलांखाली गेला होता. देवपुरात घर घेतलं ते मातीच्या धाब्याचं, म्हणजे वर सपाट मातीचं छप्पर. पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती घालावी लागते असं कळलं, म्हणून मी नदीकाठची काळीभोर, उत्तम माती गाडीभर आणवली आणि ती घालणाऱ्याला बोलावलं. त्याचं नाव विचारायचं राहिलं, ते आजही राहिलंच आहे.

त्यानं चिमूटभर माती जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि तो बाजूला थुंकला.

"भाऊ, हाई माटी गोड शे."

मला ती स्तुती वाटली. "मग घाला की," मी म्हटलं. तो पाटी उचलून निघून गेला. मी गोंधळलो, चिडलोही. माती दुसऱ्याकडून घालून घेतली.

श्रावणात धाब्यावर हिरवंगार गवत उगवलं आणि घरभर गळायला लागलं. उघडीप मिळताच माती चाखणारा तो पहिलाच न बोलावता आला. सगळं खरवडून त्यानं माळावरची पांढरी, खारी माती पसरली आणि चोपली.

"जठे उगस, तठे पानी मुरस," एवढंच म्हणाला.

यंदा मी शहाणा होऊन पांढरी माती आणवली; गाडी रिकामी होते तोच तो आला. त्यानं चाखली आणि चिमूटभर माझ्याही तळहातावर ठेवली. मी बराच वेळ जीभ फिरवली. मला ती नुसती माती लागली. अंदाजानं म्हटलं, "खारी आहे."

 गाडीवाल्याला थांबवून तो माती परत भरायला लागला.