निळी फुली

साठचं दशक संपत आलं होतं तेव्हा सुरतेत आम्ही चौघे दर रविवारी दुपारी लाकडात जाळी कापायला जमत असू. चौघेही महाराष्ट्रातून आलेले, आणि एकाचंही पोट लाकडावर नव्हतं. एक जण बँकेत कारकून होता. त्याच्या घराच्या मागच्या गॅलरीत आमची बैठक असे. दुसरा शाळेत चित्रकला शिकवायचा, त्याला सगळे मास्तर म्हणत. तिसरा सुरतेला लागून असलेल्या उधन्याच्या एका कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. तो धुळ्याकडचा होता. चौथा मी. मी वर्तमानपत्रात बातम्या लिहीत असे. चौघांत माझा हात सर्वांत कच्चा होता.

पातळ फळीवर आराखडा चिकटवायचा, नक्षी जिथे पोकळ हवी तिथे भोक पाडायचं, त्यातून करवतीचं केसासारखं पातं ओवायचं आणि रेघेवरून कापत जायचं, एवढंच काम. कापलेला तुकडा खाली पडतो, उरते ती जाळी. ती तग धरते मधल्या काडीएवढ्या दुव्यांवर. त्यांना आम्ही पूल म्हणत असू. आराखडे मास्तरांचे. गावातल्या जुन्या घरांच्या कोरीव खिडक्यांवर कागद लावून ते पेन्सिल घासून आणत. काही घरं पुढच्या खेपेला जागेवर नसत.

आम्ही तिघे हातकरवतीने कापायचो. जॉबरने मात्र जुन्या शिलाई मशीनचं पायडल आणि मोडक्या मागाची स्प्रिंग जोडून पायाने चालणारी करवत बनवली होती. तिच्यावर त्याचा हात इतका हलका चाले की कापलेल्या कडेला पॉलिश पेपर लावावा लागत नसे. मी एकदा ती चालवून पाहिली. पाय उलटा पडला की चाक मागे फिरे, पातं फळीला घेऊन वर उडे आणि खाली आपटे. दोन पाती मोडल्यावर तो म्हणाला, "पेपरभाऊ, आधी पायाला शिकवा, मग हाताला."

गटाचा एकच नियम होता. पूल मोडला तर लपवायचा नाही. सरस आणि लाकडाचा भुसा कालवून तो सांधायचा आणि मागच्या बाजूला सांध्याशेजारी निळ्या पेन्सिलीने फुली मारायची. त्या दिवशीचा चहा फुलीवाल्याने करायचा. स्टोव्ह पेटवताना त्याची जी थट्टा होई तेवढीच शिक्षा. बँकवाल्याच्या बायकोला, वहिनींना, तो तमाशा आवडे. "आज माझ्या स्वयंपाकघरात कोण येणार?" असं त्या आतूनच विचारत. बहुतेक वेळा मीच जात असे. माझ्या चौकटींच्या पाठी फुल्यांनी भरलेल्या होत्या.

त्या हिवाळ्यात जॉबरच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तिच्याबरोबर द्यायच्या देव्हाऱ्याची दोन दारं तो सागात कापत होता. वेलीत चोचीला चोच लावलेले दोन पोपट, असा मास्तरांचा आराखडा होता. एक दार पुरं झालं होतं. दुसऱ्यात एका पंखातली जाळी तेवढी राहिली होती.

त्या रविवारी खाली पोंकवाला आला. हिरव्या ज्वारीचा हुरडा म्हटल्यावर तिघेही उठून जिन्याने खाली गेले. मी मागे राहिलो, कारण माझी शिसवी चौकट अर्धवट होती. समोर करवतीवर ते दार तसंच होतं, पातं भोकात ओवलेलं. पंखातली ती एक जाळी आपण कापावी आणि ते वर आल्यावर काही न बोलता बसावं, असं मला वाटलं. आधीचे दोन्ही रविवार चहा मीच केला होता, असं काही कारण मी पुढे बरेच दिवस स्वतःला देत असे. ते खरं नाही. मला एकदा वाहवा हवी होती.

तिसऱ्या फेऱ्याला पाय उलटा पडला. फळी उडाली, आपटली, आणि चोचींमधला पूल तुटला.

सरस गरम होता. जवळ भुसा होता तो माझ्या शिसवी चौकटीचा, काळसर. मी पूल सांधला, वरून बोट फिरवलं आणि काम थांबल्यावर ठेवतो तसं दार रद्दीच्या गठ्ठ्याखाली दाबून ठेवलं. निळी पेन्सिल खिडकीत होती. मी ती हातातही घेतली. एवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि मी ती परत ठेवली.

"दार कुठं गेलं?" जॉबरने विचारलं.

"वाकायला नको म्हणून दाबून ठेवलं," मी म्हणालो.

"चांगलं केलंत," तो म्हणाला आणि माझ्या हातात पोंकाचा पुडा दिला.

पुढच्या रविवारी त्याने दार करवतीवर चढवलं आणि पहिल्याच फेऱ्याला सांधा सुटला. मास्तरांनी फळी उलटी करून पाहिली. सरसाचा पापुद्रा दिसत होता.

"हे आधीच मोडलेलं आहे," ते म्हणाले. "फुली नाही."

"अरे, एका चहासाठी?" बँकवाला हसला. "मुलीच्या लग्नात काय पाजणार मग?"

आतून वहिनी म्हणाल्या, "आम्हाला वाटलं होतं, एवढा एक तरी प्रामाणिक आहे!"

थट्टाच होती. पण मास्तर हसले नाहीत. ते नियमाचे पक्के होते.

जॉबरने सांध्यावर नख फिरवलं. नखावर काळी भुकटी आली. त्याच्याकडे सागाखेरीज लाकूड नव्हतं. शिसवी लाकूड चौघांत फक्त माझ्याकडे होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. घरच्या बोलीत, स्वतःशी बोलल्यासारखं तो म्हणाला, "मन्हाच हातखाले मोडनं." माझ्याच हाताखाली मोडलं. मग निळी पेन्सिल घेऊन त्याने ठसठशीत फुली मारली आणि चहा करायला आत गेला.

तो चहा मी प्यायलो. त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. वाक्यं लिहिणं हे माझं काम होतं.

त्यानंतर तो तीन रविवार आला. मास्तर त्याच्याशी बोलत, पण आपले आराखडे त्याच्या हातात देईनासे झाले. मग त्याची पाळी बदलली, रविवारची सुट्टी गेली. मी उधन्याला त्याच्या खोलीवर गेलो तेव्हा कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, लग्नासाठी गावी गेलेत, आता तिकडेच राहणार. गॅलरीतली पायडलची करवत तो माझ्यासाठी ठेवून गेला होता.

मी त्याला लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या मसुद्यात सगळं होतं: केव्हा, कुठे, कोणी. बातमी कापावी तसा मी तो कापत गेलो. शेवटी जे आंतरदेशीय पत्र टाकलं त्यात करवतीबद्दल आभार आणि लग्न नीट पार पडलं का, एवढंच उरलं.

उत्तर महिन्याभराने आलं. लग्न झालं. दारं बसवली. काळा भुसा खरवडला नाही, त्यावरच पुन्हा सरस लावला, आता पक्कं आहे. खाली आणखी दोन ओळी होत्या. "मुलगी विचारत होती, मागे फुली कसली. मी सांगितलं, आमच्या एका दोस्ताची आहे, तो येईल तेव्हा पुसू."

मी गेलो नाही.